समुद्राकडच्या गाडीचा रंग

आमच्या मोठ्या जाऊबाईंचा चेहरा कामावर कुणालाच दिसत नसे. बसस्थानकाच्या कोपऱ्यात, पडदा ओढलेल्या एका लहानशा खोलीत बसून त्या माईकवरून गाड्या पुकारायच्या. लोकांना ठाऊक होता तो त्यांचा आवाज. तरी रोज सकाळी त्या आरशासमोर अशा बसायच्या, की जणू सगळ्या गाड्या त्यांना बघायलाच येणार आहेत. मी एकदा न राहवून विचारलं, "जाऊबाई, माईकला लिपस्टिक दिसते का हो?"

"दिसत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या, "पण ऐकू येते."

मी भाजी चिरायला घेतली.

हौसेला मोल नसतं म्हणतात. आमच्या घरात हौसेला जागा नव्हती. पावडरचे डबे फ्रिजच्या डोक्यावर, नेलपेंटच्या बाटल्या खिडकीच्या कठड्यावर, काजळाच्या पेन्सिली चमच्यांच्या स्टँडमध्ये. एकदा घाईत मी गालांच्या ब्रशने चहा ढवळला. चहा गुलाबी झाला आणि माझ्या नवऱ्याने तो निमूट प्यायला, कारण त्याचं लक्ष पेपरात होतं.

मग स्थानकात तिकिटांचं जुनं लाकडी कपाट मोडीत निघालं. छोटे छोटे कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यावर पांढऱ्या रंगात एकेका गावाचं नाव, काही अर्धी उडालेली. जाऊबाईंनी ते हातगाडीवर घालून घरी आणलं. मागून भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, गाडी ढकलत आणि कुरकुरत आले. कपाट आतल्या बोळकांडीत भिंतीला ठोकलं, आणि घरातला सगळा पसारा हळूहळू त्याच्या पोटात गेला.

कोणती वस्तू कुठे जाते हे मात्र मला कळेना. एकाच कप्प्यात काजळ, लिपस्टिक आणि पापण्यांचा रंग, शेजारच्या कप्प्यातही तेच. शेवटी एका दुपारी त्यांनीच मला समजावलं. दिवसभर लोकांना गावोगावी पाठवणारी ही बाई स्वतः कुठेच गेली नव्हती. आधी सासूबाईंचं आजारपण, मग मुलांच्या परीक्षा, मग सवय. भाऊजी म्हणायचे, "जाऊ की. गाव काय पळून जातंय?" म्हणून त्या चहाच्या वेळी ड्रायव्हरांना विचारायच्या, "तिकडचा रंग कसा असतो हो?" पहिल्यांदा ते हसले असतील. नंतर त्यांना सवय झाली आणि ते लक्षात ठेवून सांगू लागले. वीटभट्ट्यांच्या गावाचा रंग भाजका लाल. डोंगरावरच्या गावाचा जांभळट, पण पहाटेचा, दुपारी तो राहत नाही. ऐकलेला रंग मनात धरून त्या दुकानं पालथी घालायच्या, आणि सापडला की त्या गावाच्या कप्प्यात ठेवायच्या.

"लागतील ते रंग पर्समधून नेते, आणि ती गाडी पुकारायच्या आधी तो रंग जरासा लावते," त्या म्हणाल्या. "मग गाव डोळ्यांसमोर येतं. आवाज तिथूनच येतो."

हे सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मी एरवी चेष्टेखोर बाई. पण त्या दिवशी, खरं सांगायचं तर, मला त्यांचा हेवा वाटला.

यातली सगळ्यात जुनी होती समुद्राकडच्या गाडीची लिपस्टिक. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने सांगितलं होतं, "समुद्र निळा नसतो बाई. संध्याकाळी लाट मागे गेली की ओल्या वाळूत आभाळ उतरतं. तो रंग." तसली कांडी त्यांना एकदाच मिळाली. पुढे ती बाजारातून गेली. तळाशी उरलेला रंग त्या काडीने खरवडून घ्यायच्या.

त्यातच बातमी आली, की आता गाड्या यंत्र पुकारणार. जाऊबाई त्रागा करणाऱ्यातल्या नव्हत्या. मला एवढंच म्हणाल्या, "शेवटची पुकार समुद्राच्या गाडीची आहे, दुपारची. तेवढ्यापुरता रंग राखून ठेवलाय." त्या दिवसापासून त्यांनी त्या कांडीला हात लावला नाही.

आता भाऊजी. त्यांचं सगळं आयुष्य औषधाच्या दुकानात गेलं. बिस्किटाचा पुडासुद्धा ते तारीख बघून फोडतात. लग्नपत्रिका हातात दिली तरी आधी उलटून मागची बाजू बघतील. बायकोला नोकरीच्या शेवटच्या दिवशी बरं वाटावं, म्हणून आदल्या दिवशी त्यांनी रजा टाकली. मीही कामावर होते, नाहीतर हा घोळ झालाच नसता.

संध्याकाळी आम्ही दोघी घरात शिरलो, तर कपाट लखलखत होतं. भाऊजी फडकं घेऊन शेजारी उभे.

"लवकर संपणारं पुढे, उशिरा संपणारं मागे," ते म्हणाले. "आता हात घातलास की आधी वापरायचं तेच हाती येईल."

जाऊबाईंनी समुद्राच्या कप्प्यात हात घातला. हाती पावडरची डबी आली.

"अहो, इथली कुठाय?"

"ती कांडी? अगं, तिची मुदत संपून जमाना झाला. सकाळी दुकानात जाऊन परतीच्या मालाच्या खोक्यात टाकून आलो. दुपारीच कंपनीचा माणूस खोकं घेऊन गेला."

जाऊबाईंनी कप्प्यावरच्या नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "कप्प्यांवरची नावं वाचलीत का तुम्ही?"

"ती डेपोची जुनी नावं ना?"

मग मीच तोंड उघडलं आणि सगळं सांगितलं. करायला गेला माणूस एक आणि झालं भलतंच. मला त्यांचा रागही आला आणि कीवही.

दुसऱ्या दिवशी जाऊबाई तोंड धुऊन, काहीही न लावता कामावर गेल्या. मी अर्धी रजा काढून स्थानकावर पोहोचले. कर्ण्यातून येणारा आवाज त्यांचाच होता, पण कोरडा, समोरचा कागद वाचल्यासारखा. समुद्राची गाडी फलाटाला लागली. मी त्यांच्या खोलीच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले.

तेवढ्यात भाऊजी आले. हातात प्रवासाची पिशवी, कपाळावर घाम. त्यांनी काचेवर टकटक केली. पडदा सरकला.

"आमच्या धंद्यात एक नियम आहे," ते खाली बघत म्हणाले. "मुदत संपलेला माल परत गेला, की बदली माल द्यावा लागतो."

आणि त्यांनी खिडकीच्या फळीवर दोन तिकिटं ठेवली.

जाऊबाईंनी तिकिटांवर समुद्राकडच्या गावाचं नाव वाचलं. "कपडे?"

"घेतलेत. तुझं ते रंगाचं काही घेतलं नाही. मला त्यातलं कळत नाही."

त्या माईककडे वळल्या. कोऱ्या ओठांनीच त्यांनी समुद्राची गाडी पुकारली. तो आवाज कसा होता ते मला नीट सांगता येणार नाही. लांबून आल्यासारखा आणि ओलसर होता. शेंगा विकणारी बाई हात थांबवून वर बघू लागली. मग जन्मात कुणासाठी गाडी न थांबवलेली ती बाई पुढे म्हणाली, "चालकांनी कृपया थोडं थांबावं. एक प्रवासी यायचा आहे." आणि माईक बंद करून, पर्स उचलून त्या धावत सुटल्या. मी रडले. रडायला मला कुणाची चोरी नव्हती.

समुद्रावरून परतल्यावर त्यांनी सगळे रंग पुन्हा आपापल्या गावी नेऊन ठेवले. भाऊजी एकेक नाव मोठ्याने वाचत डब्या हातात देत होते. समुद्राचा कप्पा तेवढा रिकामा राहिला.

मी म्हटलं, "यात तुमच्या पिना ठेवू का?"

"राहू दे रिकामा," जाऊबाई म्हणाल्या. "ती गाडी सुटलीय."