मुदतीचा ताप

सोमवार, तीन तारीख. हजर: मी, माझी काठी आणि खिडकीपलीकडे आजारपणाच्या भत्त्याचे अर्ज घेणाऱ्या मॅडम.

"सोबत कोण आलंय?" त्यांनी विचारलं.

"यादी," मी हातातली आजच्या कामांची चिठ्ठी दाखवत म्हटलं.

त्या जराशा हसल्या. मी क्रमाने लावलेले कागद त्यांनी उलटून पाहिले. "ताई, तुमची मुदत महिनाअखेर संपते. वाढवून हवी तर बरं होण्याची तारीख लिहून आणा."

"ती डॉक्टरांनाही ठाऊक नाही हो."

"मग अंदाजे टाका. रिकामा रकाना संगणक घेत नाही."

भत्ता थांबला, की या दुखऱ्या पाठीसकट मला पुन्हा कारखान्यात आठ तास उभं राहावं लागणार.

घरी येताना 'मुदत' हा शब्द मनात घोळत राहिला. लहानपणी मला मुदतीचा ताप आला होता. तेव्हा मुदत तापालाच असायची. "एकवीस दिवसांचा पाहुणा आहे," आई म्हणायची आणि रोज कॅलेंडरवर एक फुली मारायची. उरलेले दिवस आम्ही दोघी मिळून मोजायचो. आता मुदत भत्त्याला आहे, दुखण्याला नाही, आणि मोजायला मी एकटीच आहे.

आज औषधं आणली, झेरॉक्स काढल्या, गॅस नोंदवला. यादीत तिन्हींवर खुणा झाल्या. अर्ज टेबलावर उघडा आहे, पेनाचं टोपणही काढून ठेवलंय. बरं होण्याची तारीख लिहायची राहिली आहे.