रुमालाखाली

"शेणाचा वास येतोय. लांब उभा राहा," कारकून म्हणाला. मी त्याच्या बापाच्या वयाचा. रांगेतले हसले.

पोरीच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कचेरीत ही माझी चौथी खेप. दाखला नाही तर फी माफ नाही, म्हणजे नर्सिंगही नाही. प्रवेशाच्या तारखेला दोन दिवस उरलेले. पोर दाराशी उभी.

"काय धंदा?"

"बैलांचा व्यापार. घोडेगावच्या बाजारात."

"मग तोंडानं कशाला बोलतो? तुमच्या रीतीनं बोलू." त्यानं खिशातला रुमाल काढला आणि हातावर पसरला.

आमच्याकडं भाव असाच ठरतो. रुमालाखाली बोटं दाबायची, आकडा दोघांनाच कळतो. ऊसतोडीतून सुटून मी याच बोटांवर घर बांधलं. सवयीनं हात आत गेला. त्यानं पाच बोटं दाबली. मी दोन. तो तीनवर आला. आणि मी, निर्लज्ज, मिशीत हसलो. साहेबाला खाली आणला म्हणून.

"पैसे आणतो," म्हणालो आणि दाराशी येऊन पोरीला सांगितलं, "पाचाचं तीनवर आणलं."

ती म्हणाली, "दादा, माजा दाखला म्हंजे बैल हाय का?"

मग तिनं भिंतीवरचा फलक दाखवला. दाखल्याची फी, मुदत, अपील कुणाकडं, सगळं लिहिलेलं. दात बघून बैलाचं वय सांगणारा मी. चार खेपांत ती भिंत वाचली नव्हती.

डोकं फिरलं. आत गेलो. पैसे आले समजून त्यानं पुन्हा रुमाल पसरला. मी तो उचलून वर धरला.

"भाऊसाहेब तीन हजार मागतेत. फलकावर किती हाय, वाच गं."

तिनं खणखणीत वाचलं. मघाशी हसलेले आता चपला बघत होते. बैलसुद्धा टोचलं तर शिंग हलवतो.

"आता दाखला कसा मिळतो तेच बघतो," कारकून म्हणाला.

नाही मिळाला. तारीख गेली. आता पोर आणि तिच्या चार मैत्रिणी रोज त्या फलकाखाली बसतात. येईल त्याला वाचून दाखवतात, पावती मागायला लावतात. "पोरीबाळींचा खेळ," कारकून म्हणतो. म्हणू दे. तिनं अपील केलंय, लाचलुचपतवाल्यांकडं तक्रारही.

सोमवारी माझा जबाब आहे. भावकी म्हणते, स्वतःचं झाकून सांग. नाही झाकणार. मी दाबलेली दोन बोटंही लिहून देणार. रुमालाखाली हात दोन होते.