मावशीचे ड्रम आणि काउंटीचे डास

"ड्रमला हात लावायचा नाही," मावशी म्हणाली.

शेजाऱ्यानं डासांची तक्रार केली म्हणून मी न्यू जर्सीतल्या एका घराच्या मागच्या अंगणात उभी होते. अंगावर काउंटीचा खाकी शर्ट, हातात डिपर. डिपर म्हणजे लांब दांड्याचा पांढरा डाव. साचलेलं पाणी त्यात घेतलं की पांढऱ्यावर डासांच्या अळ्या स्पष्ट दिसतात. समोर दोन निळे ड्रम, काठोकाठ भरलेले. छपराच्या पन्हळीचं पाणी थेट त्यात पडेल अशी जोडणी केलेली. आणि ड्रमच्या नि माझ्या मध्ये सत्तरीची एक बाई, सुती साडी नेसलेली, पायात मुलाचे जुने स्नीकर्स.

माझा चेहरा बघून ती मराठीत बोलली असेल असं मला वाटलं. तसं नव्हतं. ती गॅसचं मीटर बघायला येणाऱ्या माणसाशीही मराठीतच बोलते, हे नंतर कळलं.

"मावशी, मी फक्त बघते," मी म्हणाले.

ती दचकली. मग तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "मराठी हायेस? मग या पोलिसाच्या कपड्यात काय करतीस?"

"डास मारते."

हे उत्तर मी तेव्हा जिथेतिथे देत असे. नव्वदच्या दशकाचा मध्य होता. आमच्या भागातल्या मराठी पार्ट्यांमध्ये डॉक्टर, इंजिनियर, आणखी इंजिनियर अशी मंडळी असत. मी औरंगाबादची एम.एस्सी. झूलॉजी, लग्न होऊन आलेली, आणि काउंटीच्या मॉस्किटो कंट्रोलमध्ये इन्स्पेक्टर. "म्हणजे नक्की काय करता?" असं विचारून लोक माझ्याकडे दयेनं बघत आणि पुढचा समोसा घेत. मला मात्र माझी नोकरी मनापासून आवडायची. काउंटीच्या पगारात मला बूट, व्हॅन आणि दलदल हे तिन्ही मिळत होतं.

मावशीला काउंटी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मी म्हणाले, जिल्हा परिषद समजा. गावाचं सरकार वेगळं, त्याला इथे टाउनशिप म्हणतात. कचरा, गल्लीतले रस्ते, हे टाउनशिप बघते. काउंटी म्हणजे अख्खा जिल्हा. मोठे रस्ते, पूल, लायब्ररी, कोर्ट, जेल, म्हाताऱ्या माणसांचं दुपारचं जेवण, आणि डास.

"डास जिल्ह्याला का दिले?"

"डासाला टाउनशिपची हद्द कळत नाही म्हणून."

हे तिला पटलं. ती हसली आणि बाजूला झाली. मी डिपर बुडवला. पाण्यात अळ्या वळवळत होत्या, भरपूर. मी तिला दाखवल्या. तिनं वाकून पाहिलं, पदर तोंडाशी नेला. "आत्ता गं बया," ती म्हणाली. मग एकदम तिचा चेहरा उजळला. "म्हंजे तू हिवतापवाली!"

मावशीचं नाव सुलोचना, गाव जिंतूरजवळचं. मुलगा प्रशांत रोज ट्रेननं न्यूयॉर्कला जायचा, सून एका लॅबमध्ये. दिवसभर घरात ही एकटी. तिच्या गावी हिवताप विभागाचा माणूस यायचा, रांजणात बॅटरी मारायचा, आणि जाताना दाराशेजारी गेरूनं तारीख नि सही करून जायचा. त्या खुणेचा तिला फार भरवसा होता. भिंतीवर तारीख आहे म्हणजे सरकार येऊन गेलं.

"तुझा गेरू कुठंय?"

मी तिला फॉर्मची पिवळी कॉपी दाखवली. ती तिनं दोन बोटांत धरली, जशी कुणी वाळलेली मेथी धरावी. "हे तर उडून जाईल," ती म्हणाली.

आता मुद्द्याचं काम होतं. नियम सोपा: ज्यात अळ्या आहेत ते पाणी ओतून टाकायचं. मी ड्रमच्या काठाला हात लावला मात्र, ती पुन्हा मध्ये आली.

"पानी सांडायचं न्हाई."

"मावशी, नळाला चोवीस तास पाणी आहे इथे."

"प्रशांतबी हेच म्हनतो. नळाला हाय म्हनून आभाळाचं टाकून द्यायचं?" मग तिनं स्वयंपाकघराच्या काचेतून आत बोट दाखवलं. फ्रिजशेजारच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, त्याला प्लॅस्टिकच्या फुलांचा हार. "तुझं आडनाव वाचलंय मी शर्टावर. मराठीत न्हाई लिहिलं तरी येवढी एबीसीडी येती मला. पान्यासाठी आपल्या मानसांनी काय काय केलं, ते तुला मी सांगू का?"

ते मला सांगायची गरज नव्हती. माझी आईसुद्धा भरलेल्या कळशीतलं पाणी दुसऱ्या दिवशी शिळं म्हणून फेकणाऱ्या शेजारणीकडे रागानं बघायची. मी ड्रमवरचा हात काढला. "जय भीम, मावशी," मी म्हणाले.

"जय भीम. चहा ठेवते."

चहा पिता पिता आमचा समझोता झाला. उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. त्याआधी ड्रम रिकामा झाला तर अळीचा डास होत नाही. दर शनिवारी ड्रम पूर्ण उपसायचे, तळ घासायचा, नि पाणी फेकायचं नाही, झाडांना घालायचं. तिच्याकडे अळू होतं, अंबाडी होती, मिरच्या होत्या. आपल्याकडे याला कोरडा दिवस म्हणतात. तिला शब्द आधीपासून माहीत होता. मी पिवळ्या कॉपीवर इंग्रजीत तेच लिहिलं आणि आमचा सुपरिंटेंडंट फ्रँक याला दाखवलं.

"झाडांना?" फ्रँकनं चष्मा कपाळावर ढकलला. "ओतून का नाही दिलं?"

"ओततेच आहे. मुळाशी."

फ्रँकनं सही केली. तो भला माणूस होता. लष्करातून आला होता आणि आयुष्यात डासांनाच घाबरायचा.

पण तक्रार परत आली. तीच, त्याच शेजाऱ्याची. हॅरल्ड नावाचा हा गृहस्थ पोस्टातून रिटायर झाला होता. मी त्याच्या घरी गेले तेव्हा त्यानं आधी पँट गुडघ्यापर्यंत वर केली. पाय चाव्यांनी लालभडक. "संध्याकाळी मला माझ्याच अंगणात बसता येत नाही," तो म्हणाला. "ती बाई चांगली आहे. मला हिरवी मिरची देते, मी खाऊ शकत नाही. पण ते ड्रम जायला हवेत."

मी कुंपणापलीकडे जाऊन ड्रम पाहिले. एक रिकामा, एकात वीतभर ताजं पाणी. एकही अळी नाही. तळ इतका घासलेला की निळा रंग विटला होता.

फ्रँकला सांगितलं. तो म्हणाला, "आणखी एक तक्रार आली की प्रकरण टाउनशिपच्या हेल्थ ऑफिसरकडे जाणार. तो तुझ्यासारखा चहा पिणार नाही. ड्रम काढायची ऑर्डर देईल."

त्या संध्याकाळी प्रशांतनं ऑफिसात फोन केला. "मॅडम, मला हे सगळं खूप एम्बॅरसिंग होतंय यार. नेबरशी रिलेशन खराब नकोत. मी वीकेंडला ड्रम्स डिस्पोज करून टाकतो, फिनिश."

मागून मावशीचा आवाज आला, फोनपेक्षा मोठा. "ड्रम टाक नि माझं तिकीट काढ! मी जाते जिंतूरला!"

"आई, प्लीज!"

"दिवसभर मी काय करू हितं? टीव्हीतल्या गोऱ्या बायांकडं बघत बसू? माझं अळू तेवढं माझ्याशी बोलतं."

प्रशांत मला हळूच म्हणाला, "ती सीरियस आहे. बॅग काढून ठेवलीय."

मला त्या क्षणी प्रशांतचा राग आला आणि दयाही आली. मुलगा वाईट नव्हता. आई इथे राहावी म्हणूनच तर त्यानं मागचं अंगण मोठं असलेलं घर घेतलं होतं. मी म्हणाले, "शनिवारपर्यंत ड्रमला हात लावू नकोस. मला माझं काम करू दे."

माझं काम म्हणजे आधी डास पकडणं. आमच्याकडे लाइट ट्रॅप असतो: छोटा दिवा, त्याखाली पंखा, पंख्याखाली बरणी. संध्याकाळी टांगायचा, सकाळी उतरवायचा. एक मावशीच्या ड्रमशेजारी टांगला, एक हॅरल्डच्या पुढच्या दाराशी, रस्त्याच्या बाजूला. सकाळी लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली ओतले. ड्रमशेजारच्या बरणीत मोजके डास. रस्त्याकडच्या बरणीत डासांचा ढीग. आणि जवळजवळ सगळे क्युलेक्स, म्हणजे घाणेरड्या, कुजक्या पाण्याची ज्याला फार आवड तो डास. मावशीच्या ड्रममधलं पाणी तर आम्ही दोघी प्यायलोही असतो.

मग मी रस्त्यानं चालत निघाले, घाण पाण्याच्या शोधात. फार चालावं लागलं नाही. हॅरल्डच्या घरापुढची गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते, त्या कोपऱ्यावर पावसाचं पाणी जायची लोखंडी जाळी होती. खाली खड्डा. जाळीच्या फटीतून टॉर्च मारला, नळी सोडून पाणी काढलं. काळं पाणी, वर सडकी पानं, आणि त्यात अळ्या इतक्या की पाणी हलत होतं. मी तिथेच रस्त्यावर बसून खो खो हसले. मोठा रस्ता काउंटीचा. म्हणजे काउंटी डास पाळत होती आणि काउंटीच मला डास मारायला पाठवत होती.

हसणं सोपं होतं, जाळी साफ करून घेणं नव्हतं. टाउनशिपच्या इंजिनियरला फोन केला.

"रस्ता काउंटीचा आहे," तो म्हणाला. "काउंटीला विचारा."

काउंटीच्या रोड डिपार्टमेंटला फोन केला. फोरमन एडी म्हणाला, "जाळी गल्लीच्या तोंडाशी आहे, गल्ली टाउनशिपची. टाउनशिपला विचारा."

"एडी, मी तुला खिडकीतून बघतेय. तू डोनट खातोयस."

रोड डिपार्टमेंट आमच्या ऑफिससमोरच होतं, मध्ये फक्त पार्किंग लॉट. एडीनं मान वर करून हात हलवला. "नियमानं लेखी पाठव," तो म्हणाला. लेखी पाठवलेला कागद आधी काउंटीच्या मुख्य इमारतीत जातो, तिथून सही होऊन पार्किंग लॉटच्या पलीकडे येतो. तोवर पानगळ सुरू झाली असती आणि मावशी जिंतूरला पोचली असती.

मी फ्रँककडे गेले. "निवडून आलेल्या मंडळींना कळवू का?" काउंटीचा कारभार चालवणाऱ्या त्या मंडळाच्या सभासदांना तेव्हा फ्रीहोल्डर म्हणत. फ्रँकनं डोकं धरलं. "अरे देवा, नको. एडीला तिथे घेऊन जा."

मला ते पटलं. शुक्रवारी संध्याकाळी कामावरून सुटलेल्या एडीला मी म्हणाले, माझ्या गाडीत बस, पाचच मिनिटांचं काम आहे. जुलैचा उकाडा, एडी हाफ पँटवर. त्याला जाळीशेजारी उभं केलं आणि रस्ता कोणाचा, गल्ली कोणाची, हे मला नीट समजावून सांग म्हणाले. तो समजावू लागला. पहिली चापट त्यानं पोटरीवर मारली, दुसरी मानेवर, आणि मग त्याचे दोन्ही हात थांबेनात.

हॅरल्ड पडद्याआडून बघत होता. तो बाहेर आला. कुंपणापाशी मावशी येऊन उभी राहिली.

"ह्यो कोण?" मावशीनं विचारलं.

"रस्त्यावाला."

"नाचतो छान."

"उद्या सकाळी ट्रक पाठवतो!" एडी गाडीकडे पळत म्हणाला. "जाळी कोणाची ते नंतर बघू!"

आणि खरंच शनिवारी सकाळी ट्रक आला. मोठ्या सोंडेनं गाळ ओढून घेणारा, आवाजानं अख्खी गल्ली जागी करणारा. आतून सडलेली पानं निघाली, एक फुटका फुटबॉल निघाला, आणि खाली मोडलेला पाइप, ज्यामुळे पाणी कधी पुढे जातच नव्हतं. एडीनं तो स्वतः उभं राहून बदलून घेतला. मी खड्ड्यात अळ्या मारायच्या औषधाच्या वड्या टाकल्या. हॅरल्डनं सगळ्यांना कॉफी दिली. मावशीनं सगळ्यांना अळूवडी दिली. एडीनं चार खाल्ल्या आणि ही कसली पानं म्हणून विचारलं. प्रशांतनं बॅग माळ्यावर परत ठेवली. ती ठेवताना त्याचे डोळे ओले होते असं सुनेनं मला नंतर सांगितलं.

हॅरल्ड मावशीपाशी गेला आणि "सॉरी" म्हणाला. मावशीनं त्याला आणखी मिरच्या दिल्या.

मी निघाले तर मावशीनं मला ड्रमपाशी ओढत नेलं. "लिही."

"काय?"

"तारीख आनि सही. सरकार येऊन गेलं, ते कुटं दिसायला नको?"

गेरू नव्हता. व्हॅनमध्ये नमुन्याच्या बरण्यांवर लिहायची तांबडी मेणखडू पेन्सिल होती. मी दोन्ही ड्रमवर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: तपासले. कोरडा दिवस, शनिवार. खाली तारीख, सही. मावशी दोन पावलं मागे सरून बघत राहिली. मग तिनं समाधानानं मान हलवली.

तक्रार परत आली नाही. पुढे माझी बदली लॅबमध्ये झाली आणि तो भाग स्टीव्ह नावाच्या पोराकडे गेला. दोन उन्हाळ्यांनी तो एकदा माझ्या टेबलापाशी आला.

"त्या गल्लीत एका घरामागे ड्रमवर लाल रंगात काहीतरी लिहिलंय. कसली लिपी आहे कळत नाही. काय आहे ते?"

"इन्स्पेक्शन रेकॉर्ड," मी म्हणाले. "ऑफिशियल आहे. पुसू नकोस."

"बरं. पण शेजारच्या म्हाताऱ्यानंही आता ड्रम ठेवलाय. त्याच्यावरही तेच लिहिलंय. अक्षर वेगळं आहे."

मी जेवणाच्या सुट्टीत व्हॅन घेऊन बघायला गेले. हॅरल्डच्या ड्रमवरचं अक्षर मावशीचं होतं, थोडं वाकडं, पण शनिवार बरोबर लिहिलेला. आत डिपर बुडवला. अळी एकही नव्हती. सरकार कोणत्याही देशातलं असो, ते येऊन गेल्याची खूण भिंतीवर दिसली की माणसं आपलं काम नीट करतात, एवढंच मी या नोकरीत शिकले. त्या ड्रमवर तारीखही होती, त्याच आठवड्याची. सहीच्या जागी मात्र मावशीनं माझंच नाव लिहिलं होतं.