पायरीवाले आणि लातूरचे सर

आमच्या नांदेडच्या फुटबॉल क्लबचे मालक बदलले ते गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत. त्याआधी कित्येक वर्षं हा क्लब इथल्याच एका कापसाच्या व्यापाऱ्यानं सांभाळला होता. ते वारले, आणि त्यांच्या मुलाला ना फुटबॉलची आवड होती ना वेळ. त्यानं क्लब लातूरच्या एका क्लासवाल्या सरांना विकून टाकला.

लातूरचे क्लास माहीत नाहीत असं घर आमच्या भागात सापडायचं नाही. डॉक्टर, इंजिनिअर व्हायला निघालेली पोरं दोन-दोन वर्षं तिथं खोल्या घेऊन राहतात. त्या क्लासांपैकी एका मोठ्या क्लासचे हे मालक. सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणत, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो.

आम्ही म्हणजे पायरीवाले. मैदानाच्या पूर्वेला सिमेंटच्या पायऱ्या आहेत, तिथं बसून ओरडणारी माणसं. आमच्यात एक रिटायर्ड एसटी ड्रायव्हर आहेत, त्यांना लहानथोर सगळे मामा म्हणतात. हलगी त्यांच्याकडं असते, त्यामुळं पुढारीपणही. एक स्टेशनरी दुकानवाले आहेत, दोन बँकेतले आहेत, कॉलेजची काही पोरं आहेत, आणि आमचे हे. हे शाळेत सायन्स शिकवतात, वर्गात आवाज चढवत नाहीत. तो सगळा मैदानासाठी राखून ठेवतात. मी गणित शिकवते. लग्नानंतर ह्यांच्या मागं मागं मैदानावर गेले आणि मग ह्यांच्यापेक्षा मलाच जास्त गोडी लागली. कित्येक वर्षं पायरीवर मी एकटीच बाई होते.

क्लब विकल्याची बातमी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली, तिच्या मागोमाग नव्या जर्सीचा फोटो. आमचा रंग मोरपंखी. फोटोतली जर्सी पिवळीधमक होती, छातीवर क्लासचं नाव, आणि क्लबच्या नावाच्या पुढंही क्लासचंच नाव लावलेलं. खाली लिहिलं होतं की घरचे निम्मे सामने यापुढं लातूरला होतील. ग्रुपवर जो काही गदारोळ झाला तो इथं लिहिण्यासारखा नाही. नांदेड आणि लातूर यांचं जुनं आहे. कुठलं ऑफिस कुठं व्हावं, यावरनं दोन्ही गावं भांडत आलेली, त्यात आता घरचा क्लबही लातूरला चालला.

मामांचं म्हणणं होतं की सामन्यांवर बहिष्कार टाकायचा. बँकवाल्यांनी सुचवलं, आधी भेटून तरी घेऊ. सरांना फोन केला तर त्यांनी रविवारी या म्हणून सांगितलं. मग मामा, हे, बँकवाल्यांपैकी एक आणि मी असे चौघं एसटीनं लातूरला गेलो. मला का घेतलं, तर बाई सोबत असली की भांडण हातघाईवर येत नाही असं मामांचं मत.

सरांचं ऑफिस क्लासच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. भिंतीभर पास झालेल्या पोरांचे फोटो. माणूस चाळिशीचा, अंगानं किरकोळ, बोलायला साधा. त्यांनी स्वतः उठून पाणी दिलं. मामांनी बसमध्ये घोकलेलं सगळं बोलून दाखवलं. रंगाचं बोलले, नावाचं बोलले, सामन्यांचं बोलले. शेवटी म्हणाले, ‘‘सर, मालक आज हाय, उद्या न्हाई. आमी मात्र तिथंच पायरीवर बसणार.’’

सरांना राग आला नाही. त्यांनी मोकळेपणानं सांगितलं की जाहिरात तर हवीच आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण दुसरंही एक कारण होतं. ते रेणापूरकडच्या एका खेड्यातले, घरची शेती. शिकायचं म्हणून लहानपणीच खेळ सुटला तो सुटलाच. आता हजारो पोरं त्यांच्या क्लासात बसून राहतात, खोलीतून क्लासात आणि क्लासातून खोलीत. त्यांना रविवारी दोन तास कुठं तरी घेऊन जावं असं फार दिवस मनात होतं. म्हणून लातूरला सामने. ते काही बदलणार नाही, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. रंगाचं म्हणाले, बघू.

‘बघू’चा अर्थ आम्हाला कळत होता. मामांनी पिशवी जवळ ओढली. तेव्हा सर माझ्याकडं वळले आणि म्हणाले, ‘‘बाई, तुम्ही काहीच बोलला नाहीत.’’

मी काही ठरवून गेले नव्हते. तरी तोंडातून निघून गेलं, ‘‘मैदानावर बायकांसाठी मुतारी नाही. म्हणून मी इतकी वर्षं मध्यंतराला घरी जाते. दुसरा हाफ मी क्वचितच पाहिलाय.’’

मामा छताच्या पंख्याकडं बघायला लागले. खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त धक्का आमच्या ह्यांना बसला. मी स्वयंपाकाला लागायचं म्हणून लवकर उठते असं ते इतकी वर्षं धरून चालले होते. सुरुवातीची एक-दोन वर्षं मैदानाच्या मागच्या गल्लीत माझी एक मैत्रीण राहायची, मध्यंतराला मी तिच्याकडं जाऊन यायची. तिची बदली झाल्यापासून माझा खेळ पहिल्या हाफातच संपायचा. सामन्याच्या दिवशी दुपारपासून पाणी प्यायचं नाही, हेही अंगवळणी पडलेलं. परत येताना बसमध्ये हे खिडकीतून बाहेर बघत बसले होते. अहमदपूर गेल्यावर म्हणाले, ‘‘मला सांगायचंस की गं.’’ मी म्हटलं, ‘‘तुम्ही विचारलं नाहीत.’’ स्टँडवर उतरल्यावर त्यांनी माझी पिशवी आपणहून घेतली.

पहिला सामना नांदेडलाच होता. मी मैदानावर पोचले तर पायऱ्यांच्या मागं नवी बांधलेली दोन स्वच्छतागृहं, पाण्याची टाकी, आतून कडी, वर दिवा. दारावर क्लासची जाहिरात होतीच. मामा बघून म्हणाले, ‘‘तिथंबी सोडलं न्हाई का.’’ पण मी आत जाऊन आले, नळ सोडून पाहिला आणि मला भरून आलं. शाळेत मी ही गोष्ट बोलून बसले होते, त्यामुळं चार-पाच बाया कुतूहलानं माझ्याबरोबर आल्या होत्या. एकीनं तर सासूलाही आणलं होतं.

इकडं टीम पिवळ्या जर्सीत मैदानात उतरली. पायरीवाल्यांचं आधीच ठरलं होतं: आपण मोरपंखी घालून यायचं आणि तोंड उघडायचं नाही. हलगी मामांच्या मांडीवर उलटी पडून राहिली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच चेंडूला लाथ बसल्याचा आवाज पायरीपर्यंत ऐकू आला. खेळाडूही गोंधळून आमच्याकडं बघत होते. सर समोरच्या मांडवात सोफ्यावर बसले होते, त्यांची मान सारखी आमच्याकडं वळायची.

मध्यंतरानंतर ते मैदानाला वळसा घालून आमच्याकडं आले. मामांच्या खालच्या पायरीवर बसले आणि विचारलं, ‘‘मामा, मी तुमचा रंग घेतला म्हणून तुम्ही पोरांना शिक्षा का देता?’’

मामांना हे लागलं. त्यांनी हलगी सरळ केली आणि म्हणाले, ‘‘पोरांसाठी वाजवतो. तुमच्यासाठी न्हाई.’’ सर म्हणाले, चालेल. आणि उठून सोफ्यावर जायच्याऐवजी तिथंच बसून राहिले. तो सामना मी शेवटच्या शिट्टीपर्यंत पाहिला. दुसऱ्या हाफात आमच्या पोरांनी गोल केला तेव्हा आमच्या शाळेतल्या बाईंची ती सासू माझ्या आधी उभी राहिली होती.

लातूरच्या सामन्याला जायचं की नाही यावर पुन्हा चर्चा झाली. मामा म्हणाले, मी न्हाई येत. शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला, बस किती वाजताची हाय.

लातूरच्या मैदानावर आम्ही पोचलो तेव्हा क्लासच्या पोरापोरींनी एक पूर्ण बाजू भरली होती. सगळी पिवळ्या टीशर्टात, आणि सगळी चिडीचूप. सामना सुरू झाला तरी ओळीत, मांडीवर हात ठेवून बसलेली. एक-दोन पोरांच्या हातात तर नोट्स होत्या. मला परीक्षा हॉलची आठवण झाली. ती पोरं काही दुःखी नव्हती. ओरडलं तर चालतं की नाही हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

मामांना हे बघवेना. ते हलगी घेऊन त्यांच्यात जाऊन उभे राहिले, मीही गेले. आमची एक जुनी हाळी आहे. मामा ओरडतात, ‘‘कुठली रं पोरं?’’ आणि पायरी उत्तर देते, ‘‘नांदेड!’’ मामांनी ती त्यांना समजावली, एकदा करूनही दाखवली. पोरं संकोचून हसली. पुढच्या रांगेतली एक चष्मेवाली मुलगी उभी राहिली आणि अदबीनं म्हणाली, ‘‘पण काका, आम्ही नांदेडचे नाही ना.’’

हाळीत लातूरचं नाव मामांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. ते माझ्याकडं बघायला लागले, मी मुलीला विचारलं, तुझं गाव कुठलं. ती म्हणाली, किनवट. नांदेड जिल्ह्यातलंच गाव ते, मामांच्या चेहऱ्यावर जरा उजेड पडला. ‘‘मग किनवट म्हण,’’ ते म्हणाले. ‘‘ज्याचं त्यानं आपलं गाव म्हणा. पण जोरात.’’

त्यांनी हलगीवर टिपरी मारली आणि हाळी दिली. पहिल्यांदा बारीकसा आवाज आला. दुसऱ्यांदा बरा आला. तिसऱ्यांदा उदगीर, मुखेड, निलंगा, गंगाखेड, किनवट, अंबाजोगाई अशी सगळी गावं एकमेकांत मिसळून असा कल्लोळ झाला की समोरच्या टीमचा गोलकीपर मागं वळून बघायला लागला. एकही शब्द धड कळत नव्हता. पोरं मात्र लाल झाली होती ओरडून. मामा एकीकडून दुसरीकडं पळत होते. शेजारचा एक मुलगा मला म्हणाला की गावाहून आल्यापासून मी इतक्या मोठ्यानं बोललोच नव्हतो, खोलीमालक रागावतात. त्याचा आवाज बसला होता आणि त्याला त्याचा आनंद झालेला दिसत होता.

त्या दिवशी आम्ही हरलो. क्लासच्या पोरांना ते फारसं कळलंही नाही, आम्ही बसमध्ये चढेपर्यंत ती ओरडतच होती.

पुढचे काही सामने वाईट गेले. हरत गेलो तसे सर अस्वस्थ व्हायला लागले. एका सामन्यानंतर त्यांनी मामांना आणि मला मांडवात बोलावलं आणि कोच बदलायचं मनात आहे म्हणाले. त्यांच्या धंद्यात रिझल्ट नाही आला तर शिकवणारा बदलतात, त्यात गैर काय. मामा चिडून उठायलाच निघाले होते. मी म्हटलं, ‘‘सर, सहामाहीत नापास झालेल्या पोराचा गणिताचा मास्तर तुम्ही लगेच बदलता का, की वार्षिकपर्यंत वाट बघता?’’

‘‘पोर कसं आहे त्याच्यावर आहे,’’ सर म्हणाले.

‘‘मग सरावाला येऊन बघा पोरं कशी आहेत ते.’’

ते खरोखरच आले. आठवडाभर पहाटे लातूरहून गाडी काढून नांदेडला यायचे आणि मैदानाच्या कडेच्या रेघेबाहेर खुर्ची टाकून बसायचे. कोचला त्यांनी काय विचारलं, कोचनं काय सांगितलं, ते मला माहीत नाही. कोच राहिला. मोसमाच्या शेवटी आम्ही वरच्या गटात गेलो नाही, पण तळालाही राहिलो नाही, आणि शेवटचे तीन सामने सलग जिंकलो.

सगळं काही मिटलं असं नाही. क्लबच्या पुढचं क्लासचं नाव तसंच आहे. मामा ते उच्चारत नाहीत, जुनंच नाव घेतात. जर्सीचं असं ठरलं की नांदेडला मोरपंखी, लातूरला पिवळी. तिकिटाच्या दरावरून तर मामांनी ग्रुपवर इतकं लिहिलं की एव्हाना ग्रुपवर आलेले सर तो सोडून गेले. दोन दिवसांनी त्यांनीच फोन करून ‘मला पुन्हा घ्या’ म्हणून सांगितलं, आणि पायरीचं तिकीट आहे तेवढंच ठेवलं. पायरीवर आता बायकांची एक अख्खी रांग झाली आहे. आम्ही डबे नेतो. पाणीही नेतो, आणि पितो.

नवा मोसम सुरू व्हायला थोडेच दिवस राहिलेत. मागच्या आठवड्यात मामा नातेवाईकांकडं मुखेडला गेले होते, तिथं बाजाराच्या पटांगणाशेजारी त्यांना एक गोलकीपर खेळताना दिसला. लई लांब हात हायत, असं त्यांनी सरांना फोनवर सांगितलं. सरांनी नाव, वय, शिक्षण विचारलं, आणि येत्या रविवारी आपण बघून येऊ म्हणाले. गाडी त्यांची आहे, रस्ता मामांना पाठ आहे. मागं जागा आहे म्हणून मी आणि हे पण जाणार आहोत.