सदाफुलीची पानं कोण नेतं?

मैत्रिणींनो, आमच्या मोताळ्याच्या अंगणात गुलाबी सदाफुली आपली आपण उगवली आहे. तिला ना खत लागतं, ना रोजचं पाणी. काही दिवसांपासून तिची कोवळी पानं गायब होत होती आणि माझा संशय शेजारच्या कांताकाकूंवर होता.

आज सकाळी विचारलंच. त्या फणकारल्या, "मले पूजेले फुलं लागते वं, पानं काऊन तोडू? आधी आपल्या घरात पाह्य!"

दुपारी खिडकीतून पाहिलं, तर आमचे हे झाडाशी वाकून पानं चघळत होते.

"शुगर निघाली," ते खाली मान घालून म्हणाले. "या पानानं उतरते म्हणतात."

"मले काऊन नाही सांगतलं?"

"शुगरपायी तुया बाबाचा पाय कापला. तवापासून नुसतं नाव काढलं तरी तू रडते. कसं सांगू?"

मी रडले नाही. आता बुलढाण्याला डॉक्टरांकडे नंबर लावून बसलोय. शेजारच्या खुर्चीतल्या या माणसाकडे मी अजून संशयानेच पाहतेय. आणखी काय लपवलं असेल?

तुम्ही रडाल म्हणून तुमच्या घरात कोणी काही लपवतं का? आज एकदा विचारून बघाल?