कच्च्या कैद्याची विनंती

वाळूजच्या आमच्या कारखान्यात पर्मनंट माणसाला 'जन्मठेप' म्हणायचं, हे नाव मी पाडलं. दुसरा कुणी आपण पाडलं म्हणत असेल तर तो थापा मारतोय.

तेव्हा मी टेंपररी होतो. सात महिने काम, मग ब्रेक, मग हातापाया पडून पुन्हा सात महिने. बजाजनगरात एका खोलीत आम्ही सहाजण राहायचो, सगळे असलेच. आम्ही स्वतःला 'कच्चे कैदी' म्हणायचो. रजा म्हणजे 'पॅरोल', आणि रिटायर झालेला म्हणजे 'सुटला बिचारा'. पर्मनंट लोक कँटीनमध्ये शिरले की मी हळूच म्हणायचो, "आली बघा बराक." पोरं खिदळायची.

आता खरं सांगतो, निव्वळ जळफळाट होता तो. करमाडचं एक स्थळ आलं होतं. पोरगी मला लई आवडली होती. तिच्या बापानं आमच्या दादांना, म्हणजे वडिलांना, तोंडावर सांगितलं, "पर्मनंटचं लेटर दाखवा अन् पोरगी न्या. दिवाळीपर्यंत थांबतो, मग दुसरं बघतो." गंगापूरला घरी पोचेस्तोवर दादा एसटीत तिकिटाच्या घड्या घालत बसले.

पर्मनंटची यादी करताना साहेब लोक लाइनवरच्या जुन्या माणसाला विचारायचे. आमच्या लाइनचा जुना माणूस म्हणजे वस्ताद. कारखाना उघडला त्या दिवसापासून लेथवर, आणि जिभेला हाड नाही. माझा चौथा ब्रेक आठ दिवसांवर आला होता. नेमकं तेव्हाच कुण्या चहाडखोरानं त्याच्या कानात घातलं की हे नाव या गंगापूरवाल्याचं. मेला तो!

दुसऱ्या दिवशी भर कँटीनमध्ये हाक आली. "ए शाहीर, इकडं ये."

मी ताट ठेवून उभा राहिलो. सगळी माणसं जेवायची थांबली.

"मी जन्मठेप का रं?"

नाही म्हणायचं ठरवून आलो होतो. तोंडातून निघालं, "व्हय, वस्ताद."

"कुणाचा खून केला मी?"

हशा पिकला. माझ्या डोळ्यांपुढं करमाड दिसत होतं. मग मी हात जोडून, चक्क रडत म्हणालो, "वस्ताद, मलाबी द्या की! तीच शिक्षा मलाबी द्या. अठ्ठावन्न वर्षांचा होईस्तोवर द्या!"

कँटीन असं फुटलं की आचारी पळी घेऊन बाहेर आला. वस्ताद तेवढा हसला नाही. चपातीचा तुकडा मोडत म्हणाला, "बस. जेव आधी."

दिवाळीला चार दिवस असताना लेटर आलं. वस्तादनं माझ्या तोंडात पेढा कोंबला आणि सगळ्यांसमोर निकाल सांगितला, "सक्तमजुरी. अन् करमाडवालीची अजून वेगळी!" ती दुसरी शिक्षा अजून चालू आहे आणि तिच्यात पॅरोल नाही.

मागच्या वर्षी मी सुटलो. निरोपाच्या दिवशी लाइनवर पेढे वाटत होतो. माझ्या शेजारच्या मशीनवर एक बाई होती, ठेकेदाराची कामगार. तिशीतली, दोन लेकरांची आई, नऊ वर्षं तिथंच राबत असलेली. मी ऐटीत म्हणालो, "बाई, आम्हाला जन्मठेप म्हणायचे. नाव मीच पाडलंय."

ती हसली. "आम्हाला कोण देतंय जन्मठेप, काका? आम्हाला नुसती पुढची तारीख मिळती."

मग मशीन थांबवून तिनं हळूच विचारलं, "तुमी जाताना साहेबांना माझं नाव सांगाल का?"

मी पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. यादी होणं बंद होऊन किती तरी वर्षं झाली होती, आणि जुन्या माणसाला आता कुणी काही विचारत नव्हतं. तरी मी साहेबाच्या केबिनमध्ये गेलो आणि नाव सांगितलं. साहेब "बरं, बरं" म्हणाला आणि उठून त्यानं माझ्याशी हात मिळवला.

बाहेर येऊन मी तिला अजून एक पेढा दिला. तिनं तो लेकरांसाठी कागदात बांधून ठेवला.