आक्काचे उन्हाळे

फोन आला तेव्हा मी वाचनालयात वर्तमानपत्रं लावत होते. आष्ट्यातल्या या लहानशा वाचनालयात मी बरीच वर्षं पुस्तकं देते-घेते. सकाळी आधी पेपर लावायचे, मग मासिकं, मग कपाटांची कुलपं उघडायची. नंबर ओळखीचा नव्हता. पलीकडचा माणूस फार सांभाळून बोलत होता. "संगीताताई का? कोयनेच्या शिबिरातनं बोलतोय... रत्नामावशी तुमच्या कोण?" मी म्हटलं, "थोरली जाऊ." घरात आम्ही तिला आक्का म्हणतो. तो म्हणाला, सकाळचं उप्पीट मुलांना वाढून झाल्यावर मावशी चहा घेऊन स्वयंपाकघराबाहेरच्या बाकावर बसल्या आणि बसल्या जागी कलल्या. पाटणच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. घरी कुणाला कळवायचं म्हणून मावशींनी लिहून दिलेलं एकच नाव होतं. माझं.

मी "बरं" म्हटलं. खरंच, एवढंच म्हटलं. फोन ठेवला आणि उरलेले पेपर लावले. एक निवृत्त गुरुजी एका कादंबरीचा दुसरा भाग मागत होते, तो शोधून दिला. त्यांनी "आज ऊन फार आहे" म्हटलं, तर मी "हो ना" म्हटलं. मग कुलूप लावून घरी गेले आणि आमच्या ह्यांना सांगितलं. ते मटकन खाली बसले. मी मात्र आक्काची पांढरी साडी कुठल्या पेटीत असेल याचा विचार करत उभी होते. त्या दिवसापासून हे असंच चाललंय. पाटणला तिच्या पदराला रव्याचे दोन-चार दाणे चिकटलेले होते, ते मी झाडले. तिला घरी आणलं, सगळं झालं, पुढे जलदानविधी झाला, वंदना म्हणताना माझा आवाजही कापला नाही. बायका आपसांत म्हणाल्या, "संगीता दगड झाल्या." असेनही.

आक्का या घरात माझ्याआधी सहा वर्षं आली. मी लग्न होऊन आले तेव्हा तिचा सिद्धार्थ चालायला लागला होता. पुढं प्रज्ञा झाली आणि ती दीड वर्षाची असताना थोरले दीर काविळीनं गेले. मला मूल नव्हतं, पुढंही झालं नाही. आक्कानं गावातल्या शाळेत पोषण आहाराचा स्वयंपाक धरला. दोनशे पोरांची खिचडी ती एकटी उतरवायची. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद, की तिची चूलही बंद. एका शिक्षिकेनं तिला सांगितलं, कोयनानगरच्या बाजूला मुलांचं उन्हाळी शिबिर असतं, पुण्या-मुंबईची पोरं येतात, त्यांना स्वयंपाकाला बाई पाहिजे. दीड महिना तिथंच राहायचं. मुलं सोबत आणता येणार नाहीत.

आक्कानं दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "संगे, पोरांस्नी बघशील न्हवं?" मी म्हटलं, "आवं आक्का, ह्ये काय इचारनं झालं?" तेव्हा प्रज्ञा तीन वर्षांची होती. जाताना आक्कानं आपलं एक नेसूचं, न धुतलेलं लुगडं माझ्या हातात दिलं. "रातीला हिच्या अंगाखाली घालत जा. वासानं झोपंल." पहिले दोन दिवस मी ते घातलं. पोरगी त्यात तोंड खुपसून झोपायची. तिसऱ्या दिवशी मी ते धुऊन, घडी घालून पेटीत ठेवलं आणि तिला माझ्या कुशीत घेतलं. तीही झोपली. हे मी आत्ताआत्तापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

शिबिराच्या जागी तेव्हा मोबाईल लागायचा नाही. आक्का दर रविवारी दुपारची भांडी झाल्यावर घाटरस्त्यानं चालत खाली धरणाच्या कॉलनीत यायची आणि तिथल्या दुकानातून फोन करायची. बोलणं ठरलेलं असायचं. पोरं जेवली का, सिद्धू आंघोळीला त्रास देतो का, हिला उन्हात सोडू नगंस. तिच्याविषयी विचारलं तर म्हणायची, "मला काय झालंय? रोज ताजं खाते." तिची नजर तिच्या पोरांवर नव्हती, पण तिचे कान होते, आणि ते माझ्या तोंडाशी होते. हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

तिसऱ्या उन्हाळ्यात प्रज्ञाला टायफॉईड झाला. ताप उतरेचना. अकरा दिवस मी तिच्या उशापासून हलले नाही. हे म्हणाले, "आक्काला कळवू या." मी म्हटलं, "कशाला? ती तिथं साठ मैलांवर... सगळं टाकून येईल, हातचं काम जाईल. डॉक्टर बरी हुईल म्हनत्यात." प्रत्येक शब्द खरा होता. रविवारी फोन आला. "पोरं कशी हायती?" मी म्हटलं, "बरी हायती. खेळाया गेल्यात." प्रज्ञा माझ्या मांडीवर होती, अंग भाजत होतं. त्याच संध्याकाळी तापात तिनं डोळे न उघडता हाक मारली, "आई..." आणि मी म्हणाले, "काय गं बाळा?" तिनं माझं बोट धरलं. आक्काला न कळवण्याचं खरं कारण ते होतं. ते अकरा दिवस ती माझी होती. बरी झाली तेव्हा ती मला आईच म्हणायला लागली होती, आणि मी तिला एकदाही दुरुस्त केलं नाही.

मेअखेरीला आक्का आली. हातात करवंदांची पिशवी होती. प्रज्ञाचे केस तापात गुंतून गेले होते म्हणून मी बारीक कापले होते. ती माझ्या पदराआड गेली आणि म्हणाली, "आई, आक्का आली बघ." घरात सगळे म्हणायचे तसं तीही आता तिला आक्का म्हणाली होती. आक्कानं पिशवी खाली ठेवली.

"केस कुनी कापलं हिचं?"

"मी. ताप आला हुता. लय दिस हुता."

"कवा?"

मी सांगितलं. तिनं मनात हिशेब केला. "मी फोन केला त्या ऐतवारी?"

"व्हय."

"तू म्हनलीस, खेळाया गेल्यात."

"व्हय, आक्का."

आक्का आत गेली. आंघोळ केली, भाकरी थापल्या, सगळ्यांना वाढलं. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, आता ही चूल वेगळी मांडणार, पोरांना घेऊन पलीकडच्या खोलीत जाणार, आणि तिला कुणी नावं ठेवणार नाही. चौथ्या दिवशी मी अंगणात मेथी निवडत होते, तर येऊन समोर बसली. एक जुडी ओढून घेतली आणि निवडायला लागली. थोड्या वेळानं खाली मान घालूनच म्हणाली, "पोरगी तुला आई म्हनती. म्हनू दे. आधी बाप गेला, मग मी जाते, येते, परत जाते. आता ती तुला चिकटल्या, तितनं उपटायची न्हाई." मी काही बोलणार, तर तिनं हात वर केला. "पन संगे, मला खोटं सांगू नगंस. तितं मी तुझ्या सबदावर भाकरी खाते."

मी कबूल केलं. त्यानंतर प्रज्ञा मला आई आणि तिला आक्का म्हणत राहिली. लोक चकित व्हायचे. आक्का त्यांना कधी उत्तर द्यायची नाही.

पुढच्या एका उन्हाळ्यात तिच्या हाताखालची बाई अचानक सोडून गेली आणि आक्कानं निरोप धाडला, आठ दिवस ये. पोरांना ह्यांच्यावर सोपवून मी गेले. पत्र्याचं लांब स्वयंपाकघर, मागं डोंगर, झाडांतून धरणाचं पाणी चमकायचं. ऐंशी पोरं दिवसातून चार वेळा खायला यायची. आक्का पहाटेपासून उभी. पोरांशी ती फार बोलायची नाही. कुणी ताटात टाकलं तर रागवायची नाही, नुसतं बघायची, आणि ते पोर मुकाट संपवायचं. सगळ्यांचं झालं की ती स्वतः ओट्याशी उभ्यानं चार घास खायची, भिंतीकडं तोंड करून. मी म्हटलं, "बसा की वाईच." तर म्हणाली, "बसलं की ध्यानात येतंय, आमची जेवली आसतील का. मग घास उतरत न्हाई. उभ्यानं काय वाटत न्हाई." इतक्या वर्षांत ती तिथं एकदाही बसून जेवली नव्हती. घरी आली की मात्र पोरांच्या पंगतीला मांडी घालून बसायची. मला तोवर वाटायचं, तिला तिकडं करमत असेल, मोकळं वाटत असेल. मला तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

त्याच आठवड्यात एका दुपारी रचलेली ताटं आपोआप खणखणायला लागली. मला काही कळेना. आक्कानं आधी दोन्ही शेगड्या बंद केल्या, मग माझा दंड धरून मला बाहेर ओढलं. जमीन हलून थांबलीसुद्धा. पोरं आरडाओरडा करत मैदानात आली, सरांनी त्यांच्या रांगा लावल्या. भांडी घासायला येणारी तिथलीच एक बाई हसत म्हणाली, "आमाला ह्याचं काय न्हाई, ह्ये सारकंच हाय." पण आक्का खाली बसली होती. चेहरा पांढरा. "संगे, आष्ट्याला बी हाललं आसंल काय गं?"

आम्ही दोघी तशाच निघालो. भर उन्हात, चपला न घालता घाट उतरून कॉलनीत. ती पुढं आणि मी मागं, जवळजवळ पळतच. दुकानात नंबर लावला, वाजायला लागला, तशी आक्कानं फोन माझ्या हातात दिला. "तू बोल. तुझा आवाज ऐकला की पोरगी भ्यायची न्हाई." ती स्वतः दोन पावलं मागं सरली.

फोन प्रज्ञानंच उचलला. तिकडं काही झालेलं नव्हतं. ती खेळण्याचं काहीबाही सांगत राहिली आणि मग म्हणाली, "आई, तू कवा येनार? मला करमत न्हाई." आक्का माझ्या तोंडाकडं बघत होती. मी फोन ठेवला.

"काय म्हनली?"

"म्हनली, तुमी दोगी कवा येनार."

आक्कानं माझ्याकडं पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं, असं मला वाटतं. मग ओठ किंचित हलले. "बरं," म्हणाली, आणि आम्ही चढ चढायला लागलो. मी परत खोटं बोलले होते. तिला कळलं होतं. त्या खोट्याबद्दल मात्र ती मला कधीच काही बोलली नाही.

वर्षं गेली. सिद्धार्थ पुण्यात नोकरीला लागला, प्रज्ञा मिरजेला नर्सिंग शिकते. दोघं तिला म्हणायचे, आता पुरे कर. ती म्हणायची, "सवय झाल्या रं. उन्हाळा आला की पाय तिकडं वळत्यात." यंदाही एप्रिलात गेली. मी तिला एसटीत बसवून दिलं. गाडी सुटताना तिनं खिडकीतून काहीतरी सांगितलं, ते मला गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी मान हलवली, जणू ऐकू आलं. तेव्हापासून आजपर्यंत मी ते काय असेल याचा विचार करते आहे... बहुतेक काही विशेष नसेल.

गेल्या रविवारी प्रज्ञा आली होती. दुपारी जेवणं झाल्यावर मी तिला सगळं सांगितलं. लुगड्याचं, तापाचं, फोनवरच्या खोट्याचं. का सांगितलं, माहीत नाही. आक्काला जे कबूल केलं होतं ते निदान हिच्यापाशी तरी पाळावं, असं काहीतरी असेल. ती भिंतीला टेकून ऐकत होती. मी थांबले तर म्हणाली, "तापातलं मला थोडं आठवतंय. मी तिलाच हाक मारत होते." मग म्हणाली, "ओ तू दिलीस."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असंही मला वाटलं नाही. मला काहीच वाटलं नाही. मग ती उठून माझ्याशेजारी येऊन बसली, माझा हात तिनं आपल्या मांडीवर घेतला, नाडी बघावी तसा मनगटाला धरला आणि तशीच बसून राहिली. "आईच्या खोलीत झोपते आज," म्हणाली. कुणाच्या, ते मला विचारावं लागलं नाही.

आक्काची खोली तशीच आहे. पोरं लहानपणी माझ्याकडं झोपायची, तिची खोली पलीकडं. तिथलं दार आपोआप मिटायचं, म्हणून तिनं उंबऱ्याशी एक वीट आणून ठेवली होती. दार रात्रभर वीतभर उघडं राहावं, इकडं कुणी खोकलं तर तिला ऐकू जावं. पोरं मोठी झाली, घराबाहेर गेली, तरी तिनं वीट हलवली नाही. मी रोज केर काढताना ती उचलते, खालची धूळ पुसते आणि परत त्याच जागी ठेवते. दार मग वीतभर उघडं राहतं.